विस्तवाजवळचा तास

थंड पाणी आणि गरम पाणी पेल्यात ओतताना दोन्हींचा आवाज वेगळा येतो. खोटं वाटत असेल तर डोळे मिटून करून पाहा. मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, पण हे मला कुठल्याही पुस्तकात भेटलं नव्हतं. अफजल नावाच्या सहावीतल्या मुलाने ते मला सांगितलं. मी प्रयोगासाठी थर्मासमधून पाणी ओतत होते आणि हा लांबच्या बाकावरून ओरडला, "बाई, सँभालो, गरम आहे ते." मी विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, "आवाज जाड येतो ना." वर्गातल्या बाकीच्या मुलांना यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही.

मी नाशिकमधल्या अंध मुलामुलींच्या निवासी शाळेत विज्ञान शिकवत होते. आता निवृत्त आहे. कुठे लग्नाकार्यात ओळख झाली की लोक आधी "अरेरे" म्हणतात आणि मग विचारतात, "पण त्यांना विज्ञान कसं काय शिकवता?" पहिल्या शब्दाला उत्तर द्यायचं मी फार पूर्वीच सोडून दिलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला अजून द्यावंसं वाटतं. म्हणून हा लेख.

खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्ही फारसं शिकवतच नव्हतो, पाठ करून घेत होतो. आकृतीचा प्रश्न आला की आमच्या मुलांना त्याऐवजी दुसरा प्रश्न मिळायचा. प्रयोगाचा भाग वाचून दाखवायचा. भौतिक आणि रासायनिक बदल हा धडा तर मुलं ब्रेलवरून सरसर बोटं फिरवत घडाघडा म्हणायची. बर्फ वितळणे, भौतिक बदल. लोखंड गंजणे, रासायनिक बदल. कागद फाडणे, भौतिक. कागद जाळणे, रासायनिक. पैकीच्या पैकी गुण.

अफजल सहावीत होता त्याच वर्षी वर्गात वनिता गावित होती. सुरगाण्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची, जन्मापासून न दिसणारी. तिचे आईवडील भाताची कापणी झाली की द्राक्षबागांच्या कामावर दिंडोरीकडे उतरायचे, म्हणून ती आमच्या वसतिगृहात. मुलगी बोलायची कमी, पण बोलली की अडकवून टाकायची. मी कागद जाळण्याचं उदाहरण घेतलं आणि तिने विचारलं,

"बाई, जळल्यावर कागद जातो कुठं?"

"त्याची राख होते."

"राख म्हणजे भांडी घासायची?"

"तशीच. पण कागदाची हलकी असते. हात लावला की भुगा होतो."

"मग आम्हाला लावू द्या ना हात."

मी वर्गाला विचारलं, जळालेल्या कागदाला कोणी कोणी हात लावलाय? एकही हात वर आला नाही. पेटलेल्या काडीजवळ कोण गेलंय? तेव्हाही नाही. वनिताच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना, ताणलेला व्रण होता. रांगती असताना तिने निखाऱ्यात हात घातला होता. त्यानंतर तिच्या आईने तिला चुलीच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. बाकीच्यांच्या घरीही थोड्याफार फरकाने तेच. जगातले निम्मे रासायनिक बदल विस्तवावर होतात, आणि माझ्या वर्गाला विस्तव म्हणजे लांबून येणारी ऊब आणि मोठ्यांचं ओरडणं, एवढाच माहीत होता.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. सोनवणे सर अतिशय मायाळू माणूस. मुलांना ठेच लागली तरी यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणूनच त्यांना पटवणं अवघड.

"मॅडम, लोकांनी विश्वासाने मुलं ठेवलीत आपल्याकडे. वर्गात आग? शक्य नाही. आग सोडून काय हवं ते करा."

मग मी आग सोडून काय हवं ते केलं. लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकून पेला मुलांच्या कानाशी नेला. आतली फसफस ऐकून पोरं खूश. अफजलने पेल्याला बाहेरून हात लावला आणि म्हणाला, "बाई, थंड पडला!" खरंच पडतो. वर्षानुवर्षं तो प्रयोग वाचून दाखवत आले, पण पेल्याला असा हात मी कधी लावला नव्हता. बाटलीच्या तोंडाला फुगा लावला, तो मुलांच्या मुठीत फुगत गेला, आणि वायू तयार होतो म्हणजे काय होतं ते शब्दाविना समजलं. नवे खिळे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. काही दिवसांनी ते खरखरीत झाले आणि बोटांना त्यांचा वास येऊ लागला. विरजणाचं भांडं सकाळी आणि दुपारी वर्गात फिरवलं. कापराची वडी रोज चाचपायला दिली. ती झिजत गेली, पण वास तोच राहिला.

यातून मुलांनी आपला आपला नियम काढला. वास नवा, तर वस्तू नवी. नियम काही पक्का नाही, हे मी सांगितलं. तरी पुस्तकातल्या "रंग बदलतो" या खुणेपेक्षा तो त्यांच्या उपयोगाचा होता. मग भांडणंही होऊ लागली. द्राक्षाचा मनुका होतो तो बदल कोणता, यावर अख्खा तास गेला. "पानी गया, बस," असं अफजलचं म्हणणं. वनिता म्हणाली, "मनुका भिजवला तर फुगतो, पण द्राक्ष होत नाय. आई बागेतून दोन्ही आणते. चव येगळी." मी दोघांना अर्धं अर्धं बरोबर दिलं, त्यामुळे दोघंही नाराज.

पण विस्तवाशिवाय धडा पुढे सरकेना. तेव्हा आमच्या भालेराव सरांनी वाट काढली. ते ब्रेल आणि संगीत शिकवायचे. स्वतः जन्मांध. शिक्षकांच्या खोलीतल्या गॅसवर दुपारचा चहा करायचं काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं होतं. ते सोनवणे सरांच्या हातात कप देत म्हणाले, "सर, आजपासून चहा बंद. आंधळ्याने आगीजवळ जाऊ नये असा नवा नियम आहे म्हणे."

सोनवणे सरांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "वाळूची बादली ठेवा. आणि एका वेळी एकच मूल. आणि मी दारात उभा राहणार."

राहिलेही. तो तास माझ्या नोकरीतला सगळ्यात आवडता. भालेराव सरांनी आधी मुलांना ज्योत ऐकायला शिकवलं. गॅस पेटला की कसा आवाज येतो, मोठा केला की कसा, न पेटताच सुटला तर नुसती शिट्टी कशी येते आणि तेव्हा लगेच काय करायचं. ज्योतीवर हात न नेता बाजूने तळवा उभा धरून ऊब कुठून सुरू होते ते कसं बघायचं. ओढणी कमरेला कशी खोचायची, बाह्या कशा दुमडायच्या. मग मी कढईत साखर घातली आणि एकेका मुलाच्या हातात लांब दांड्याचा झारा दिला. वर माझा हात होताच.

आधी साखर खरखर वाजत होती. मग खरखर जड झाली, गोळे लागायला लागले, मग आवाजच थांबला आणि झारा पाकातून फिरावा तसा फिरू लागला. चिक्कीच्या दुकानाचा वास सुटला. तेवढ्यात वनिता म्हणाली, "बाई, आत्ता बदलली. आता ही साखर नाय राहिली." पाठोपाठ कडसर वास आला आणि मुलांनी नाकं मुरडली. थंड झालेला काळा तुकडा सगळ्यांनी हातात घेतला. काहींनी जिभेला लावून थुंकला. त्याच दिवशी कागदही जाळला, आणि वनिताने राख चिमटीत धरली. ती चिमटीत राहिलीच नाही. "नुसतं काहीच नाय असं लागतं," ती म्हणाली.

त्यानंतर दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टी संपल्यावर वनिता आली ती आईबरोबर, आणि राहायला आली नव्हती. आई तिची पेटी आणि गादी न्यायला आली होती.

कमळाबाई बारीक अंगाची, खालच्या आवाजात बोलणारी बाई. तिची बोली सुरगाण्याकडच्या कोकणा आदिवासींच्या वळणाची. मला समजली तशी लिहिते. तिने वनिताचा हात माझ्यापुढे धरला. दोन बोटांवर फोड येऊन गेल्याच्या खुणा होत्या.

"मी पान्याला गेले तर ही चुलीपुढं बसली. तवा धरला हातानं. म्हणते, शाळेत शिकवलंय. तुमी शिकवलं?"

"हो, मीच."

"आमी हिला जपायला तुमच्याकडं ठेवली, बाई. आगीत घालायला नाय."

सोनवणे सर काकुळतीला येऊन समजावत होते. मी काय बोलले ते मला आठवत नाही; उपयोग झाला नाही एवढं खरं. वनिता रडली नाही, एका शब्दानेही भांडली नाही. पेटीची कडी चाचपून लावली, अफजलला "जाते रे" म्हणाली आणि आईचं बोट धरून फाटकाबाहेर गेली. अफजलने दिवसभर कुणाशी भांडण केलं नाही, यावरून वर्गाची काय दशा होती ते समजा.

सोनवणे सरांनी प्रयोग बंद केले. मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

काही आठवडे गेले, वनिता येईना. शेवटी मी आणि भालेराव सर एका रविवारी सुरगाण्याची एसटी पकडून निघालो. पुढे जीप, आणि मग चढावरची पायवाट. भालेराव सर माझ्या कोपराला धरून चालत होते आणि वाटेतल्या प्रत्येक गोठ्याचा वास मला समजावून सांगत होते. वनिताचं घर कुडाचं, नीट सारवलेलं. त्या वर्षी वडील एकटेच बागांकडे उतरले होते, आई वनितासाठी घरी थांबली होती. वनिता ओट्यावर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, दाणे निवडत बसली होती. पायांच्या आवाजावरून तिने मला ओळखलं. उठली, पण पुढे आली नाही. आधी आतल्या दिशेने म्हणाली, "आई, बाई आल्या. सर पण हायेत संगं."

इथे मला जरा हसू आलं. कारण "सर पण" म्हणजे सरसुद्धा, आमचे भालेराव सर. पण कमळाबाई मोळी उतरवून घ्यायला हात पुढे करत बाहेर आली. तिला ते जळणाचं सरपण वाटलं होतं. त्या गोंधळात सगळे थोडे सैल झाले.

दारात आलेल्या माणसाला चहा विचारल्याशिवाय राहायची तिची रीत नव्हती. तिने आम्हाला आत घोंगडीवर बसवलं. घरातली चहापूड संपली होती, ती शेजारी आणायला गेली. जाताना वनिताला म्हणाली, "तू बस तिथंच."

चुलीत निखारे होते. वनिता हळूच म्हणाली, "बाई, आधण मी ठेवू?"

माझ्या तोंडाशी "ठेव" आलं होतं. पण घर तिच्या आईचं, चूल तिच्या आईची. मी म्हटलं, "आईला विचार."

कमळाबाई परत आली तेव्हा वनिताने विचारलं. "आई, चहा मी करते."

"नाय."

भालेराव सर म्हणाले, "ताई, मीही जन्मापासूनचा आंधळा. रोज चहा करतो, भात करतो. आई म्हणाली होती, मी किती दिवस पुरणार तुला?"

कमळाबाईने त्यांच्याकडे बघितलं. "तुमी बाप्या मानूस, दादा. तुमच्या अंगावर पदर नसतो. पाठीवर केस नसतात."

भालेराव सरांनी हे मान्य करून मान डोलावली.

मी पदर खोचून चुलीपुढे जाऊन बसले. म्हटलं, निदान विस्तव तरी पेटवून देऊ. दोन लाकडं आत सारली, फुंकर मारली. घरभर धूर झाला, निखारे होते तेही झाकले गेले आणि मी खोकत मागे सरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तुमाला चूल येत नाय?" कमळाबाई बघतच राहिली.

"नाही हो. आमच्याकडे शाळेत गॅस. घरीही गॅस."

"मग हिला तुमी शिकवलं काय?"

"साखर कधी करपते ते."

ती हसली नाही, पण तिच्या तोंडावर काहीतरी हललं. माझ्याही डोक्यात तेव्हाच उजेड पडला. मी मुलीला बटण फिरवून लहान होणारी आग शिकवली होती. घरच्या चुलीची आग जागा बदलते, वाऱ्याबरोबर बाहेर जीभ काढते, तव्याच्या कडेपर्यंत येते. हे मला कुठे माहीत होतं? मी तसं बोलूनही दाखवलं. "कमळाबाई, तिला भाजलं, कारण मला ही आग येत नाही. ती तुम्हाला येते. शाळेत मी तिला शिकवू शकणार नाही, आणि तुम्ही शिकवणार नाही. मग ती शिकणार कुठे? शिकल्याशिवाय तर ती राहणार नाही, तुम्ही पाण्याला गेलात की पुन्हा जाऊन बसेल."

कमळाबाईने हातातली चहाची पुडी खाली ठेवली आणि ओरडलीच, "ये इकडं. आन आधी ती ओढणी खोच. अशी नाय, मागून घे. केस बांध."

वनिता आली. कमळाबाईने तिला चुलीच्या बाजूला बसवलं, समोर नाही. "तोंडापुढं बसायचं नाय कधी. जाळ तोंडातून येतो." तिच्या हातात फुंकणी दिली. "वाकू नको. लांबून फुंक. जोरात नाय, राख उडल. हां. काय ऐकू येतं?"

"फुरफुर."

"धरला जाळ. आता लाकूड ह्या टोकाला धर, गार हाय तोवर आपलं. इथून पुढं ऊन लागलं की सोडून द्यायचं. हात कुठं नेती? आंधळी हाय का?"

शब्द निसटला तशी ती थबकली. वनिताच आधी हसली. मग भालेराव सर खो खो हसायला लागले, आणि मग कमळाबाईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते मला धुरामुळे नीट दिसलं नाही. तिचा दुसरा हात मात्र पूर्ण वेळ वनिताच्या मनगटावरच्या त्या जुन्या व्रणावर होता, घट्ट.

आधणाला उकळी आल्याचं वनिताने आईच्या आधी सांगितलं, आणि आईने "मलाबी कळलं" असं तिला सुनावलं. चहा कोरा होता, धुरकट होता. आम्ही दोघांनी पुन्हा मागून घेतला.

त्यानंतर कमळाबाई स्वतः वनिताला शाळेत आणून सोडून गेली. सोनवणे सरांना बजावून गेली, की हिला गॅसवर काय ते शिकवा, चुलीचं सुट्टीत मी बघते. सरांनी वाळूची बादली पुन्हा भरून ठेवायला सांगितली, आणि आमचे तास सुरू झाले. पुढची वर्षं प्रत्येक नव्या वर्गाच्या पालकांना मी वर्षाच्या सुरुवातीला बोलावून घ्यायचे आणि विचारायचे, तुमच्या घरी कसली आग आहे? चूल, स्टोव्ह, गॅस, शेगडी. कुणाच्या घरी भट्टी. धडा मग तिथून सुरू व्हायचा.

सगळ्या आया कमळाबाईसारख्या निघाल्या नाहीत. कित्येकींनी हात जोडून नाही म्हटलं, आणि त्यांच्या मुली आज घराच्या कोपऱ्यात बसून वाढलेल्या ताटाची वाट बघत असतात. त्यातल्या एकदोघी मला फोन करतात. काय करतेस विचारलं की "काही नाही, बसलेय" म्हणतात.

वनिता आता नाशिकमध्ये एका बँकेत नोकरी करते. मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. कमळाबाई अजून द्राक्षाच्या हंगामात उतरते. नको म्हटलं तरी ऐकत नाही. पण हंगामात शनिवारी ती बागेतल्या मजुरांच्या झोपडीत थांबत नाही. संध्याकाळची एसटी धरून लेकीच्या खोलीवर येते. मागच्या हिवाळ्यात मी गेले होते तेव्हा ती नुकतीच पोचली होती. हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसली होती, बोटं द्राक्षाच्या चिकाने काळी पडलेली. वनिता गॅसवर नागलीची भाकरी करत होती. भाकरी भाजल्याचा वास आला तशी तिने ती उतरवली आणि आईच्या ताटात वाढली.

कमळाबाईने तुकडा मोडला, चावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चुलीची सर नाय याला, बाई."

मग वनिताकडे ताट सरकवलं. "आजून एक टाक."